ऐंशी ग्लासांचा जार

लग्न ठरलं की शिरगावात आधी मुहूर्त बघतात, मग हॉल, मग आचारी, आणि आचाऱ्याने पाण्यापुरते हात झटकले की मंडळी निजामकडे येतात. "भाऊ, हजार माणूस हाय. किती जार लागतील?" निजाम हातातलं काम न सोडता सांगायचा, "एका जारात वीस लिटर, म्हंजी ऐंशी ग्लास. माणशी तीन धर, उन्हाळा असंल तर चार. पन्नास जार घे. दोन वर देतो, उरलं तर परत आण." आजवर त्याचा हिशेब कधी हुकला नव्हता. निजामला ढग दाखवला तरी तो ग्लास मोजेल, असं लोक गमतीने म्हणत, आणि त्यालाही ते ऐकायला बरं वाटे.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा फिल्टर होता. जारात जाणारं पाणी गावच्या नळाचं, नळाचं पाणी नदीचं आणि नदीचं वरच्या पवना धरणाचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. वाटायचं कारणच काय होतं?

ते कारण गेल्या भाद्रपदात घडलं. धरण काठोकाठ भरलेलं, आणि काठावर लोणावळ्याकडून येणाऱ्या पाहुण्यांचे तंबू लागलेले. निजामचा एकुलता एक मुलगा जावेद तंबूवाल्यांकडून रिकामे जार गोळा करायला टेम्पो घेऊन गेला. त्यातला एक जार उतारावरून घरंगळला आणि थेट पाण्यात पडला. रिकामा जार तो, वाऱ्याबरोबर लागला तरंगत आत जायला. जावेदने चपला काढल्या, मोबाईल काढून चपलेवर ठेवला आणि तो जारामागे पोहत गेला. जार दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठाला लागला, बूच लावलेला, ओरखडाही नाही. जावेद काही वर आला नाही. बचाव पथकाची पोरं होड्या घेऊन थकेपर्यंत शोधत राहिली. धरणाच्या पोटात जुन्या विहिरी आहेत, झाडांची खोडं आहेत, कुठे अडकला असेल ते कोण सांगणार?

एका रिकाम्या जारापायी कोणी जीव देतं का, असं लोक कुजबुजले. निजामला उत्तर माहीत होतं. त्या सकाळीच तो पोराला म्हणाला होता, "मागच्या खेपंला दोन जार कमी आले. आज एक जरी कमी आला ना, तर घरी येऊ नको." बापाच्या तोंडचं रोजचं बोलणं ते. खतीजा तेव्हा ओट्यावर चहा गाळत होती. तिनेही ते ऐकलं होतं, पण नंतर एकदाही त्याची आठवण काढली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर निजामला सोपं गेलं असतं.

जावेदला ना गुसलची अंघोळ, ना कफन, ना मूठभर माती. मशिदीतल्या लोकांनी मयत समोर नसताना पढतात ती गैबाना नमाज पढून घेऊ म्हटलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आधी आणा त्याला. मग काय पढायचं ते पढा." आणि त्या दिवसापासून तिने नळाच्या पाण्याला तोंड लावणं सोडलं.

निजामने तिला समजवायचं ठरवलं आणि त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. हिशेब मांडला. "हे बघ, धरण साडेआठ टीएमसीचं. एक टीएमसी म्हंजी दोन हजार आठशे बत्तीस कोटी लिटर. लिटरला चार ग्लास. सगळं मिळून शहाण्णव हजार कोटी ग्लास होत्यात, खतीजा. त्यात आपला पोरगा म्हंजी दर्यात खसखस."

बोलून गेला आणि जीभ हासडून टाकावी असं त्याला झालं. खतीजा शांतपणे म्हणाली, "मग त्यातल्या कुटल्या ग्लासात तो न्हाई, तेवढं सांगा. मी तेवढाच पिते."

याला कसला हिशेब पुरणार? तिचं माहेर टाकवे बुद्रुकचं, तिकडचं खोरं वेगळं, नदी वेगळी. भावाची विहीर होती. निजाम आठवड्याला जाऊन तिथून एक जार भरून आणू लागला. तिचं पिणं, तिचा चहा, तिच्या दोन भाकऱ्यांचं पीठ, सगळं त्या पाण्यात. गावाला पाणी पाजणाऱ्याची बायको माहेरचं पाणी पिते, असं लोक हसून बोलत. पण गाव तसं वाईट नव्हतं, हसून झालं की गप्प होत. निजाम स्वतः नळाचंच प्यायचा, डोळे मिटून आणि एका दमात. विकायचाही तेच. न विकून खाणार काय?

आता त्याची सगळी आशा उन्हाळ्यावर होती. धरणाकाठी दत्तोबा नावाचा म्हातारा राखणदार होता. तो जार सापडला तो त्यालाच. दर आठवड्याला त्याचा फोन यायचा. "निजामभाऊ, पानी उतरतंय. जुनी खोडं दिसाया लागली." वैशाखात धरण पाव भागावर आलं तसा निजाम तिकडे गेला. मूठभर माती देता आली की खतीजा पाणी पिईल, अशी त्याची समजूत होती, आणि त्या समजुतीवरच त्याने आठ महिने काढले होते. दोघं म्हातारे गुडघाभर चिखलात काठ्या खुपसत दिवसभर फिरले. बाटल्या निघाल्या, तंबूचे खिळे निघाले, कुणाच्या तरी गाईची हाडं निघाली.

"लय खोल हाय अजून," दत्तोबा शेवटी म्हणाला. "हितनं खाली पानी न्हाई जात. आन् पंधरा दिसांत पुन्ना भराया लागंल. भाऊ, आता नको येत जाऊस."

निजामने पाय धुतले नाहीत. चिखल लागलेल्या पायांनीच टेम्पो चालवत तो घरी आला.

संकटं एकेकटी कधी येत नाहीत. त्याच आठवड्यात टाकव्याची विहीर आटली. भावजय शहिस्ताने तळाचं खरवडून अर्धा जार भरून दिला, तोही गढूळ. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खतीजाने तक्रार केली नाही. घोट घोट पुरवून ती ते पाणी पिऊ लागली. ओठ फुटले, डोळे खोल गेले, आणि एका दुपारी अंगणात कपडे वाळत घालताना ती चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, किडन्यांवर ताण आहे, दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. बारा ग्लास, असं निजामच्या मनात आपोआप उमटलं. ती दोन पीत होती.

निजामच्या तोंडचं पाणी पळालं. एक माणूस त्या पाण्यात गेलं होतं, दुसरं त्याच पाण्यावाचून चाललं होतं. दुसऱ्या दिवशी टाकव्याला जातो सांगून तो टेम्पो घेऊन निघाला, सोमाटण्याच्या पुढे एका झाडाखाली दोन तास नुसता बसला आणि परत आला. शेडमध्ये जाऊन त्याने आपल्याच नळाखाली जार लावला. भरला, बूच लावलं, उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

"इहीर खोल केली तुझ्या भावानं," तो म्हणाला. "चांगला झरा लागलाय. आता पोटभर पी."

खतीजाने ग्लास भरून घेतला, खाली बसून सावकाश संपवला आणि पदराने तोंड पुसलं. "गोड हाय," ती म्हणाली. "म्हायेरचं पानी ते म्हायेरचं."

निजाम उठून शेडमध्ये गेला आणि फिल्टर चालू करून त्याच्या आवाजात रडला.

पण ती सावरू लागली, हेही खरं. भरभरून प्यायली. ओठ भरून आले, एका सकाळी तिने स्वतःहून त्याला चहाला हाक मारली. आपण केलं ते पाप की पुण्य, हे निजामने वरच्याच्या हवाली केलं होतं. तिला जगवायचं होतं, बाकी त्याला काही समजत नव्हतं.

जार संपला आणि शहिस्ता दारात उभी राहिली. टाकव्याहून एसटीने आलेली, घामाघूम, हातात पाण्याचा कॅन. "भावजी पंधरा दिस फिरकलं न्हाईत, म्हणून राहवंना. इहीर तर अजून कोरडी ठाक हाय. टँकर आलता आमच्याकडं, आंद्रेच्या धरणातल्या पाण्याचा, त्यातलं आनलं तुमच्यासाठी."

खतीजाने कॅन घेतला. शहिस्ताला बसायला दिलं, चहा केला, भावाची खुशाली विचारली, एसटीपर्यंत पोचवायला गेली. या सगळ्यात तिने निजामकडे एकदाही पाहिलं नाही. तो शेडच्या दारात तसाच उभा होता. जावेदला जे बोललो, त्याहून वाईट आता ऐकायला मिळणार, आणि मिळायलाच हवं, असं तो स्वतःला बजावत होता.

ती परत आली. स्वयंपाकघरातला रिकामा जार उचलून तिने त्याच्यासमोर आणून ठेवला.

"किती प्याले मी?"

निजामला वाटलं, आयुष्यात एकदा तरी आपल्याला हिशेब येऊ नये. पण तो येतच होता.

"ऐंशी," तो म्हणाला.

"भाकरीच्या पिठातलं धरून?"

"धरून."

खतीजाने मान हलवली. ती शेडमध्ये आली, फळीवरचा ग्लास घेतला आणि नळाखाली धरला. काठोकाठ भरू दिला. उभ्या उभ्या, मध्ये श्वास न घेता प्याली.

"एक्क्याऐंशी," ती म्हणाली आणि ग्लास पुन्हा नळाखाली धरला.

"खतीजा, बस कर."

"शहाण्णव हजार कोटी म्हणला व्हता ना तुमी?" तिचा आवाज वर गेला नव्हता. लग्नघरचं कोणी येऊन जार किती लागतील विचारावं, तसं ती विचारत होती. "मी पिते. पानी खाली गेल्याबिगर जावेद दिसायचा न्हाई, असं म्हणतो ना त्यो दत्तोबा? मग खाली न्यायला नको?"

पाणी ग्लासातून उतू जाऊन तिच्या मनगटावरून ओघळत होतं. निजामने नळ बंद करायला हात पुढे केला. तिने तो हात धरून बाजूला केला, ग्लास तोंडाला लावला आणि संपवून पुढचा आकडा म्हटला.