गाठ नसलेली मान

आंबी गावच्या बयाबाईच्या गालात आतून चट्टा उठला, तेव्हा मिशरीनं भाजलं असेल म्हणून तिनं बरेच दिवस हळद लावली. चट्टा चिघळला, भाकरीचा घास चावेना, तेव्हा नवरा गेणू तिला लोणावळ्याला डॉक्टर दिगंबर परचुऱ्यांकडे घेऊन आला. परचुरे मूळचे तळेगावचे. आठवडाभर मुंबईच्या इस्पितळात शस्त्रक्रिया करायचे आणि रविवारी लोणावळ्याच्या दवाखान्यात मावळातले रोगी तपासायचे. साल होतं १९४३.

गालातला कर्करोग त्यांनी मुंबईला नेऊन कापून काढला. जखम भरली. पण तोंडातला हा रोग मानेतल्या गाठींत कधी आणि कोणत्या वाटेनं उतरतो, हाच परचुऱ्यांच्या अभ्यासाचा विषय होता. गाल बरा झालेले रोगी पुढं मानेतल्या रोगानं गेलेले त्यांनी पाहिले होते.

"मानेचीही शस्त्रक्रिया करून टाकू," ते बयाबाईला म्हणाले.

"मानंत गाठ हाय का?"

"हाताला लागत नाही. पण आत बारीक असू शकते."

"आन नसली तर?"

"तर उत्तमच."

बयाबाई घाबरलेली होती. "करा," म्हणाली.

मानेतून काढलेली एकेक गाठ परचुऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. रोग कुठंच नव्हता. त्या दिवशी ते खुशीत होते.

दिवाळीनंतर बयाबाई दाखवायला आली, तेव्हा तिचा उजवा खांदा खाली उतरला होता. मानेतल्या सगळ्या गाठी काढताना खांद्याकडे जाणारी नस कापली जाई. तशीच रीत होती.

"हात वर जात न्हाई, डाक्टर. भारा डोक्यावर घेता येत न्हाई. अंबाडासुदिक ह्येच घालत्यात."

गेणू लाजून दाराकडे बघू लागला.

"मानंत काय घावलं?" तिनं विचारलं.

"काही नाही. मान स्वच्छ होती."

"मंग उगाच कापली?"

"कापल्याशिवाय ते कळलं नसतं, बयाबाई."

"तुमास्नी कळलं. माजा हात गेला." ती पदर सावरून उठली.

परचुऱ्यांना ते बोलणं लागलं. त्यानंतर शिरगावचा हौशीराम आला. रोग तसाच, मानेत हाताला काही लागत नव्हतं. परचुऱ्यांनी फक्त गाल कापला आणि दर महिन्याला मान दाखवायला बजावलं. तो काही महिने आला. मग भाताची कापणी निघाली, मळणी झाली, बैल आजारी पडला. पुन्हा आला तेव्हा मानेत सुपारीएवढी गाठ होती, आणि आतल्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली. कापणं शक्य नव्हतं. होळीच्या आत तो गेला.

त्यानंतर कार्ल्याची रतनबाई आली. पुन्हा गालच, पुन्हा मोकळी मान. परचुऱ्यांनी या वेळी काही ठरवलं नाही. त्यांनी आंबीला निरोप धाडला. बयाबाई येईल असं त्यांना वाटलं नव्हतं, पण पुढच्या रविवारी ती गेणूबरोबर आली.

"हिला तुमचा खांदा दाखवाल?" परचुऱ्यांनी विचारलं. "हौशीरामचं काय झालं, तेही मी तुम्हा दोघींना सांगितलंय."

बयाबाईनं पदर सरकवून खांदा दाखवला, हात उचलून दाखवला. तो छातीपर्यंत येऊन थांबला. "येवडाच जातो. दुखतं बी," ती रतनबाईला म्हणाली. "हौशीरामाची मान कापली न्हवती, त्यो गेला. माज्या मानंत काय न्हवतं, तरी कापली. मी जित्ती हाय. तुज्या मानंत काय हाय ते डाक्टरलाबी ठावं न्हाई."

"तू काय केलं असतंस?" रतनबाईनं विचारलं.

"मला कुनी इचारलंच न्हाई नीट."

रतनबाईनं दोन दिवस घेतले आणि मान कापायला सांगितलं. परचुऱ्यांनी या खेपेला नस सोडवून बाजूला ठेवायची खटपट केली. शस्त्रक्रिया लांबली, आणि त्यांच्या वरिष्ठांना ते पसंत पडलं नाही. काढलेल्या गाठींपैकी एकीत रोग निघाला, तांदळाच्या कणीएवढा. तो हाताला कधीच लागला नसता.

रतनबाईचा खांदा थोडा उतरला, पण हात डोक्यापर्यंत जायचा. परचुऱ्यांनी बयाबाईला हे आंबीला जाऊन सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिनं त्यांना बसायला घोंगडी टाकली आणि गेणूला चहा ठेवायला सांगितलं.