खुराड्याला लावलेली छाती

कपाम्ब्वे तांब्याच्या खाणीतून निवृत्त झालेला, दणदणीत आवाजाचा माणूस. खोकला हटेना म्हणून लुआन्श्या गावच्या दवाखान्यात गेला, तर छातीच्या एक्स-रे फोटोत शेंगदाण्याएवढी गोल गाठ निघाली!

"घाबरू नका, आजोबा," डॉक्टर न्सोफ्वाबाई म्हणाल्या. "कडा गुळगुळीत आहेत, आत मक्याच्या लाहीसारखे पांढरे ठिपके. साधीच गाठ असावी. जुना फोटो आहे का? तेव्हाही ही एवढीच असेल, तर सुरी लावायचं कारण नाही."

फोटो होता. खाण सोडताना मिळालेला. त्यात काय आहे ते कोणी सांगितलं नव्हतं, यानंही विचारलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं साऱ्या पेट्या उपसल्या. बायको बेसा शेंगा सोलत म्हणाली, "अहो, तो मी खुराड्याच्या खिडकीला ठोकला होता. काच कुठून आणणार?"

"मग खुराडं कुठंय?"

"चितुंडूला नाही का देऊन टाकलं, कोंबड्यांसकट!"

चितुंडू शेजारीच राहायचा, पण त्यानंतर कुंपणावरून भांडण होऊन दोघांत बोलणं बंद झालं होतं. कपाम्ब्वे हिय्या करून त्याच्या दारात उभा राहिला.

"काय रे, वाट चुकलास?"

"माझी छाती तुझ्या खुराड्यात आहे. ती दे."

"तरीच! रोज सकाळी तुझ्या बरगड्या बघून उठतात कोंबड्या बिचाऱ्या, अंडी कुठून देणार?"

गाठीचं ऐकलं तसं त्याचं हसू मावळलं. तो स्वतः खुराड्यात शिरला. कोंबड्यांचा एकच कलकलाट उडाला, कोंबड्यानं कानाला चोच मारली, पण चितुंडूनं खिळे उपसून फोटो बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर मागे कपाम्ब्वेला बसवून तो दवाखान्यात हजर.

न्सोफ्वाबाईंनी नाक दाबून फोटो पुसला आणि दोन्ही फोटो उजेडाला धरले. कोपऱ्यात चोचीचे टोचे होते. गाठ मात्र जशीच्या तशी.

"इतक्या वर्षांत तसूभर वाढली नाही! खोकल्याशी तिचा संबंध नाही, त्याचं औषध देते. वर्षानं पुन्हा फोटो काढू."

"आणि गाठीचं काय करायचं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?" कपाम्ब्वे जरा हिरमुसलाच. "एवढी मोठी गाठ, आणि साधी गोळीसुद्धा नाही?"

बाहेर येताच कपाम्ब्वे दवाखान्याच्या पायरीवर बसला. तो हसू लागला, हसता हसता डोळे पुसू लागला. चितुंडूनं सायकल पायरीपाशी आणली. ती त्याच्या हातात देत म्हणाला, "ऊठ. चढावर आता तू पायडल मार. ठणठणीत आहेस म्हणे!"