शेऱ्याचा रिकामा रकाना

धाकट्याचं काम असं, की सगळं सुरळीत असेल तर त्याने दिवसभर काही केलंच नाही असं वाटावं. आरोग्य कार्यालयातल्या त्याच्या पडद्यावर शहराचा नकाशा होता आणि दवाखाना तिथे ठिपका. दवाखान्यांनी ताप, जुलाब, खोकल्याचे आकडे रोज दुपारपर्यंत पाठवायचे. आकडे चढले की ठिपका लाल व्हायचा आणि साथ हातपाय पसरायच्या आत पथक निघायचं.

त्यातला एक ठिपका त्याच्या थोरल्या बहिणीचा. पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीत ती एकटीच नर्स. आकडे चोख पाठवायची, पण शेवटच्या ‘शेरा’ रकान्यात भावासाठी लिहायची, ‘डबा संपवलास का?’ नाहीतर, ‘केस काप, अस्वल दिसतोस.’

अख्खं कार्यालय हसायचं. काल साहेबही हसले, तेव्हा धाकट्याने फोनवरून तिला झापलं, “ताई, हा सरकारी रकाना आहे, घरचा फळा नाही!”

“बरं, साहेब,” ती म्हणाली. “यापुढे उपाशी राहिलास तरी विचारणार नाही.”

आज ताईचा ठिपका हिरवागार होता आणि शेरा रिकामा.

“रुसलीये,” शेजारच्या टेबलावरचा जाड्या म्हणाला. “जाताना काहीतरी गोड घेऊन जा.”

धाकट्याने फोन लावला. वाजवाजून थांबला. रुसणं ताईला नवं नव्हतं. पण रुसली की ती उलट जास्तच बोलायची, भांडी आपटून बोलायची. त्याने आकडे उघडले. ताप शून्य, जुलाब शून्य, खोकला शून्य. एवढ्या वस्तीत कुणी खोकलंसुद्धा नाही? त्याने आकडे पोचल्याची वेळ पाहिली, तर ती जागा कोरी. आकडे आलेच नाहीत, तर यंत्र आपलं आपणच शून्य भरत होतं, आणि शून्याचा रंग हिरवा!

“साहेब, ताईकडून आज काही आलेलंच नाही.”

“अरे, हिरव्या ठिपक्यावर पथक पाठवू?”

“पथक राहू द्या. मी भाऊ म्हणून जातो.”

साहेबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि किल्ल्या उचलल्या. “चल, गाडी काढतो. पथकालाही सांगतो वाटेत.”

दवाखान्याच्या ओट्यावर माणसं आडवी पडली होती. जुलाबांनी सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आलेला. भिंतीला टेकलेली ताई, स्वतःही जुलाबांनी पांढरीफटक, एका म्हातारीला चमच्याचमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. हात थरथरत होता, पण चमचा सांडत नव्हता. अशा हातात देव असतो, तो वेगळा शोधावा लागत नाही.

“ताई गं!”

तिने कोरड्या ओठांनी विचारलं, “जेवलास?”

धाकट्याला रडूच फुटलं.

पथकाने गटाराशेजारचा फुटलेला पाण्याचा पाइप शोधला, पाणी तोडलं, घरोघरी औषध पोचवलं. सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगल्या. त्या दयाळूची कृपा, कुणी दगावलं नाही.

ताईचा डोळा लागल्यावर धाकट्याने तिच्या उशाशी बसून आकडे भरले. ठिपका लाल झाला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. मग शेऱ्यात त्याने लिहिलं, ‘आकडे न आल्यास शून्य धरू नये. आधी चौकशी करावी.’

झोपलेल्या बहिणीकडे पाहिलं आणि त्याच सरकारी रकान्यात पुढे लिहिलं, ‘नर्सच्या पोटात पाणी टिकलं. आता मी जेवतो.’