कडक तांबं

माग काढायच्या तिसऱ्या दिवशी दुपारी वाळुंजाच्या जाळीत रक्ताचा शेवटचा डाग मिळाला, नखाएवढा, वाळून काळा पडलेला. पुढे नुसती दलदल. लव्हॉन गुडघाभर चिखलात थांबली.

"माझाच हात हलला रे, ऑरिन."

ऑरिन तिचा नवरा. हात हलला नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुर्बिणीतून त्याने पाहिलं होतं: गोळी नेमकी खांद्यामागे लागली, तो मूस, घोड्याएवढं थोरलं हरीण, दचकला, आणि काही झालंच नाही असा चालत जाळीत शिरला.

अमेरिकेत मोंटानात मूसच्या शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो, तोही एकाच जनावरापुरता. बावीस वर्षं ती अर्ज भरत होती. यंदा नाव लागलं तेव्हा ती जिथे स्वयंपाक करते त्या शाळेच्या स्वयंपाकघरात पळी हातात घेऊन नाचली म्हणे. आता साठी उलटली होती. पुन्हा नाव लागेपर्यंत गुडघे कुठले टिकायला!

ऑरिन छत्तीस वर्षं गावातल्या बंदुकीच्या गोळ्यांच्या कारखान्यात भट्टीवर होता. गोळ्या तांब्याच्या; साच्यात दाबलं की तांबं कडक होतं. भट्टीत नीट तापवलं की नरम पडतं, मग अशी गोळी जनावरात शिरली की तिचं तोंड चार पाकळ्यांनी उघडतं आणि जनावर तिथेच बसतं. कडक राहिलेली गोळी दाभणासारखी आरपार जाते. जनावर मरतंच, पण कुठेतरी लांब जाऊन, हाल हाल होऊन.

जुलैत मोठी मागणी आली आणि मालकाच्या जावयाने, डेलने, भट्टीचा वेळ निम्म्यावर आणला. ऑरिनने नेहमीप्रमाणे पाण्याच्या टाकीत पाच गोळ्या झाडून पाहिल्या. दोन मिटलेल्याच निघाल्या. तो तसाच डेलकडे गेला.

"तीन उघडल्या ना? जवळून मारल्या की सगळ्या उघडतात," डेल म्हणाला. "तुझं सोवळं सांभाळत बसलो तर हंगाम संपून नाताळात विकाव्या लागतील. सही कर."

निवृत्तीला आठ महिने उरले होते. ऑरिनने सही केली. प्रत्येक पेटीत तपासणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी असते, त्या साऱ्या पेट्यांत त्याचीच गेली.

सुट्या गोळ्या आणून काडतुसं लव्हॉन स्वतः भरायची. ऑगस्टमध्ये तिच्या मेजावर त्याला त्याच खेपेची पेटी दिसली. कामगारांसाठी ठेवलेल्या फळीवरून तिनेच उचलून आणली होती, बंदुकीचा नेमही त्याच गोळ्यांवर बसवून झाला होता. दुसरी आणून देतो, असं तो चाचरत म्हणाला.

"कशाला? तुझी सही आहे की हिच्यात," ती हसली. "मला तेवढं पुरे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे सही खोटी होती हे बायकोच्या तोंडावर कबूल करायचं. ती नेहमी जवळ जाऊनच मारते, अशी त्याने मनाची समजूत घातली. नेमका मूस उभा राहिला दलदलीच्या पलीकडे, साडेतीनशे पावलांवर.

घरी आल्यावर लव्हॉनने चिखलाचे बूटही काढले नाहीत. परवाना टेबलावर ठेवून तिने चाकू उघडला. जनावर मारल्याचा महिना आणि तारीख परवान्यावर कापायची असते; कापली की परवाना संपला. जनावर जखमी होऊन हरवलं तरी ते आपलंच धरायचं, हे तिच्या बापाने शिकवलेलं. हंगामाचे चार आठवडे बाकी होते आणि बघायला कोणी नव्हतं.

तिने महिना कापला. ऑरिनला राहवेना.

"थांब. हात हलला नव्हता तुझा. गोळी कडक होती. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"जुलैपासून."

मग तिने तारीखही कापली, सावकाश, रेघ न सोडता.

"अगं, चूक माझी आहे. तू कशाला परवाना घालवतेस?"

"चाप मी ओढला. ते जनावर माझं," ती म्हणाली. "तुझं काय ते तू बघ."

सोमवारी सकाळी लव्हॉनने त्याचा जेवणाचा डबा रोजच्या जागी भरून ठेवलेला होता. त्यावर उरलेल्या गोळ्यांची पेटी होती, झाकण उघडं, आणि आत त्याच्या सहीची चिठ्ठी. त्याने डबा आणि पेटी दोन्ही उचललं आणि आधी डेलला गाठायचं ठरवून तो कामाला निघाला.