आर्मासची टोपी

बंदुकीचा सायलेन्सर म्हटलं की लोकांना सिनेमातला खुनी आठवतो. हापावारा गावाच्या शिकारमंडळात मात्र सायलेन्सर म्हणजे पायातल्या गमबुटाइतकी साधी वस्तू. बंदुकीच्या टोकाला तो लावायचा तो स्वतःच्या कानांसाठी आणि कुत्र्यांच्या कानांसाठी. त्याला सगळे नळकांडंच म्हणत. मंडळातल्या सगळ्यांची नळकांडी एकाच दुकानातून घाऊक आणलेली, त्यामुळे सगळी सारखीच काळी, सारखीच लांब.

शिकारीहून परतलं की नळकांडं काढायचं, आटे घासायचे आणि मंडळाच्या झोपडीत शेगडीवरच्या फळीवर ते उभं करून वाळवायचं, हा नियम ओर्वोक्कीचा. नळकांड्यात दमट काजळी साचते. ते बंदुकीवर तसंच राहिलं की ओल नळीत उतरते आणि गंज धरते. ओर्वोक्की हे इतक्या वेळा सांगायची, की यालमारी म्हणायचा, "हिच्या घरी जेवणाआधी प्रार्थना नसते, काजळीवर प्रवचन असतं."

मागच्या वर्षी शिकारप्रमुख ताइस्तोंनी सुचवलं होतं, की ओळखीसाठी नळकांड्यांवर रंगाचे ठिपके लावू या. तेव्हा ओर्वोक्कीने सगळ्यांसमोर नाक मुरडलं होतं. "ज्याला स्वतःचं नळकांडं ओळखता येत नाही, त्याने बंदूक कशाला धरावी? झाडू धरावा!" सगळे हसले, आणि ठिपके राहून गेले.

हे सगळं सांगायचं कारण, त्या शनिवारी संध्याकाळी नवा शिकारप्रमुख निवडायचा होता. ताइस्तोंच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, आता ताइस्तोही देणार होते. ओर्वोक्कीला ते पद हवं होतं. ती ते लपवतही नव्हती. लहानपणी वडील तिला शिकारीच्या झोपडीत न्यायचे ते वाटाण्याचं सूप ढवळायला. आता साठीला आली होती, नेम असा की चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दुसरा उमेदवार यालमारी. तोही स्वतःच म्हणायचा, "मला मत देऊ नका, मी झोपतो."

सकाळी ओर्वोक्कीने फळीवरच्या आपल्या जागेवरून नळकांडं उचललं आणि बंदुकीवर फिरवलं. शेवटच्या वेढ्याला ते जरासं अडलं, किरकिरलं. थंडी आहे, असं म्हणून तिने जोर लावला.

दहा वाजायच्या सुमारास पेनी कुत्री भुंकली आणि भूर्जांच्या आडून एल्क बाहेर आला. घोड्याएवढं ते हरीण ओर्वोक्कीसमोर आडवं उभं राहिलं, जणू फोटो काढून घ्यायला आलंय. तिने श्वास सोडला, चाप ओढला. शेजारच्या पाइनची साल उडाली. एल्कने मान वळवून झाडाकडे पाहिलं आणि चालता झाला. पेनीने बराच वेळ माग काढला, पण रक्ताचा थेंब नाही. जनावराला खरचटलंही नव्हतं.

"पाइन मोठा आहे," रेडिओवर यालमारी म्हणाला. "सोलायला माणसं पाठवू का?"

आणि दुपारी नवल घडलं. तोच एल्क आर्माससमोर आला आणि आर्मासने तो एका गोळीत पाडला. आर्मासने! ज्याच्या गोळ्या गेली कित्येक वर्षं जंगलात कुठेही लागायच्या, फक्त एल्कला लागायच्या नाहीत. सुरुवातीला तो म्हणायचा, "बंदुकीत काहीतरी आहे." त्यावर सगळे एका सुरात म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. मग त्याने म्हणणं सोडून दिलं होतं.

मंडळात रीत अशी, की ज्याचा नेम चुकला त्याची टोपी शेगडीवरच्या तुळईला खिळ्याने ठोकायची. एल्क मारला की उतरवायची. आर्मासची टोपी तिथे इतकी वर्षं होती, की नव्या सभासदांना ती सजावट वाटायची. त्या संध्याकाळी ताइस्तोंनी स्वतः खिळा उपटला. टोपीतून उंदराचं घरटं आणि मूठभर सातूचे दाणे खाली पडले. आर्मासने टोपी झटकली आणि तशीच डोक्यावर चढवली. मोठा माणूस, पण तोंडभर हसताना अगदी शाळकरी पोर दिसत होता.

"खिळा फेकू नका," यालमारी म्हणाला. "ओर्वोक्कीच्या टोपीचं माप काय आहे?"

"आधी हत्यारं साफ करा," ओर्वोक्की फणकारली. "मग टोपी, मग मतदान."

बाकीचे कॉफीभोवती जमले. ती आणि आर्मास फळीपाशी बसले. ओर्वोक्कीने नळकांडं फिरवायला घेतलं, तर ते हलेना. शेवटी फडक्यात धरून पिळलं तेव्हा कुरकुरत निघालं, आणि तिच्या मांडीवर काळी खपली पडली. आट्यांच्या तळाशी काजळीचा दगड झाला होता. अशा नळकांड्याचं बूड नीट टेकत नाही. ते केसभर वाकडं बसतं, आणि नळकांडं केसभर वाकडं तर गोळी समोर हातभर.

शेजारी आर्मासच्या हातातलं नळकांडं दोन बोटांनी फिरत होतं. "बघ की गं," तो कौतुकाने म्हणाला, "आज कसं लोण्यासारखं निघालं! एल्क मारल्यावर यालासुद्धा शहाणपण आलं." त्याने ते फळीवर उभं केलं आणि वाफेच्या न्हाणीची, सौनाची आग बघायला बाहेर गेला.

ओर्वोक्कीने हातातल्या नळकांड्याकडे पाहिलं, मग फळीवरच्या. काल यालमारीची कॉफी फळीवर सांडली होती. तिनेच चिडून सगळी नळकांडी खाली घेतली होती, फळी पुसली होती आणि ती परत मांडली होती. बोलतबोलत, न बघता. आणि सकाळीही न बघताच उचललं होतं.

फळीवर तिचं नळकांडं, हातात आर्मासचं. खोलीत कुणाचं लक्ष नव्हतं. हात लांब करून अदलाबदल करायला तेवढी सवड पुरे होती. पाइनवरून चेष्टा महिनाभर चालली असती, पण एका चुकीसाठी कुणी तिचं मत कापलं नसतं. झाडूचं बोलणं मात्र सगळ्यांच्या लक्षात होतं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला. तिचा हात फळीपर्यंत गेलाही.

तेवढ्यात आर्मास आत आला, टोपी सरळ करत. एरवी तो कोपऱ्यात बसायचा. आज तो टेबलाच्या मधोमध बसला.

"चला, मतं द्या," ताइस्तो म्हणाले.

"थांबा," ओर्वोक्की उठली. दोन्ही नळकांडी तिने टेबलावर आपटली. "काल फळी मी पुसली. मी मांडताना घोळ घातला. आज मी आर्मासचं लावलं होतं आणि आर्मासने माझं. मला ओळखता आलं नाही. आणा झाडू."

कुणी हसलं नाही. आर्मासचा चेहरा उतरला. त्याचा हात आपसूक टोपीकडे गेला.

"मग... हा एल्क तुझा म्हणायचा?"

"अरे वेड्या, नळकांडं माझं होतं. डोळा तुझा, हात तुझा, नेम तुझा." तिने खपली त्याच्यासमोर धरली. "हे बघ. याच्यामुळे मीसुद्धा झाड सोललं. आम्ही इतकी वर्षं तुला हसलो आणि एकानेही आत डोकावून पाहिलं नाही. मी रोज आटे घासा म्हणून ओरडले, पण तुझे कधी बघितले का?"

आर्मास पुटपुटला, "मी घासायचो. वरून. चकचकीत करायचो."

"ते दिसतंच आहे," ताइस्तो म्हणाले. त्यांनी नळकांडं दिव्याकडे धरून पाहिलं, मान हलवली आणि सगळ्यांकडे वळले. "मला एक सांगा. हिच्या जागी असता, तर गुपचूप अदलाबदल करून कॉफी प्यायला कोण बसलं असतं?"

 मग यालमारीने प्रामाणिकपणे हात वर केला.

"मी तर बसलोच असतो. दोन बनही खाल्ले असते."

असा हशा पिकला, की पेनी बाकाखालून उठून भुंकायला लागली. "झालं मतदान," ताइस्तो म्हणाले. कुणीच हरकत घेतली नाही. यालमारीने सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.

नवी शिकारप्रमुख म्हणून ओर्वोक्कीने पहिलं काम केलं ते स्टुलावर चढून आपली टोपी त्याच खिळ्याने तुळईला ठोकण्याचं. नियम तो नियम. दुसरं काम, लाल रंगाचा डबा मागवला. ठिपके लावायला.

बाहेर आर्मास सौनाच्या पायरीवर बसून बायकोला फोन करत होता. एल्कची बातमी तिला दुपारीच कळली होती, म्हणून ती विचारत होती की आता परत कशाला फोन.

"एल्कचं सोड गं," आर्मास म्हणाला. त्याने नाक ओढलं. "सिर्का, ऐक ना. मला नेम येतो. पहिल्यापासून येत होता."