फाटकाबाहेरची पंगत

मित्रांनो, मी एक जुनं, ओकच्या लाकडाचं बाकडं आहे. आमच्या सर्बियातल्या गावात प्रत्येक फाटकाबाहेर एक बाकडं असतंच, पण रादोय्काच्या नवऱ्याने मला रंधा मारताना जेवढा जीव लावला, तेवढा कुणी लावला नसेल. तो गेला. माझा रंग उडाला, शेजारीपाजारी माझ्यावर बसून गावभरच्या चुगल्या करू लागले. असो, माझं रडगाणं नको. गोष्ट दाफिनाची आहे.

दाफिना रादोय्काची एकुलती एक लेक. तिची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा आईने आपलं एक दिलं. ते शरीराने परकं म्हणून झिडकारू नये यासाठी तिला रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्यांनी रोगांशी लढणारे अंगातले पहारेकरीच पेंगतात. तिने फ्लूची लस घेतली, तेव्हा सगळे निर्धास्त झाले. टोचलंय ना, आता कशाला घाबरायचं, असं माझ्यावर बसूनच म्हणत होते शहाणे!

त्या हिवाळ्यात घराण्याच्या संताचा सण आला. या सणाला कुणाला आमंत्रण देत नाहीत आणि आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. शेजारचा वितोमिर खोकतच आला आणि रीतीप्रमाणे त्याने दाफिनाच्या गालांचे तीन मुके घेतले. त्याचा खोकला आठवड्यात पळाला. तिच्या अंगात मात्र तोच आजार झाडांना पालवी फुटेपर्यंत ठाण मांडून बसला. डॉक्टरांनी रक्त तपासलं. लस तिला लागूच पडली नव्हती. पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल, आसपासच्यांनीच लस घेऊन तिला जपायला हवं, असं ते म्हणाले.

पुढचा सण आला. दार लावावं तर घराण्याला काळिमा, उघडावं तर लेकीच्या जिवाशी खेळ. रादोय्काने सकाळीच माझ्यावरचं बर्फ झाडलं, गव्हाच्या गोड प्रसादाचं भांडं आणि प्रत्येकासाठी वेगळा चमचा मांडला आणि दाफिनाला आत ठेवून ती स्वतः थंडीत बसली. वितोमिर सणाची भेट म्हणून वाइनची बाटली घेऊन आला आणि भडकलाच.

"फाटकाबाहेर बसवतेस? मी काय भिकारी आहे?"

"टोचून घेतलंस का?"

"मी धडधाकट माणूस. मला कशाला हवंय?"

"तुझ्यासाठी नाही सांगत, वितोमिर. तिचं अंग सुईकडून काही शिकलं नाही. तुझं तरी शिकू दे. आता माझ्याकडे तिला द्यायला दुसरं मूत्रपिंड नाही रे."

तो प्रसाद न घेताच गेला. इतकी वर्षं माझ्यावर बसलेला माणूस, मला फार वाईट वाटलं.

बर्फ वितळू लागलं तेव्हा तो परत आला आणि माझ्या पार टोकाला, अंग चोरून बसला.

"पंधरा दिवस झाले टोचून," तो म्हणाला. "खोकलाबिकला काही नाही. आता बसू का?"

सणाचा प्रसाद कधीच संपला होता. रादोय्काने कॉफी आणली. घाईघाईत ओतताना थोडी माझ्यावर सांडली. आणि मग दाफिना शाल गुंडाळून स्वतः बाहेर आली आणि माझ्या दुसऱ्या टोकाला बसली. किती महिन्यांनी!

मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी चालेल. पण तुमच्याही गल्लीत एखादी दाफिना खिडकीत बसलेली असेल. तिला बाहेर येता यावं म्हणून तुम्ही आधी सुई टोचून घ्या, आणि खोकला असेल त्या दिवशी आपल्या घरीच बसा. माझ्यावर तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी, दोघांपुरती जागा आहे.