बोटभर केस

अंगणात कोनाडूमावशी दगडावर वस्तरा परजत होती, आणि आत डुफीचा हात राहून राहून डोक्याकडे जात होता. बोटभर केस होते. आईला आज शवागारातून घरी आणून अखेरच्या दर्शनासाठी पितळी पलंगावर निजवलं होतं, आणि आई गेली की लेकीनं डोकं भादरायचं, ही रीत.

हेच डोकं गेल्या वर्षी केमोनं उघडंबोडकं केलं होतं. घानातल्या तेचिमानच्या बाजारात डुफी कंद विकायला बसली, की शेजारणी विचारायच्या, "कोण गेलं गं तुझ्या घरी?"

'कुणी नाही' म्हटलं की त्या एकमेकींकडे बघायच्या. कुणी मेलेलं नसताना बोडकं डोकं म्हणजे मरणाला आवतण. आई तेवढी फणकारायची, "मी धडधडीत बसलेय इथं. डोळे फुटले का तुमचे?" पण घरी आल्यावर दाराची कडी दोनदा बघायची. भीती तिलाही होतीच की.

रोज संध्याकाळी ती डुफीला पुढ्यात घ्यायची. वाडग्यातलं शिया झाडाच्या बियांचं लोणी तळहातावर वितळवायची आणि तान्ह्याची टाळू भरावी तसं हलकेच जिरवायची. ओढायचं नाही, चोळायचं नाही. आधी लव आली, मग मऊ, करडे, परक्या बाईचे वाटावेत असे केस.

"वेण्या घालण्याजोगे झाले की फ्रेमाला बोलवू," आई म्हणायची. "एकदा डोळ्यांनी बघितलं की मी सुटले."

फ्रेमा वेण्या घालणारी. ती रविवारी यायची ठरली, आणि शुक्रवारी आई चुलीपाशी बसली ती उठलीच नाही.

"चल गं, उजेड आहे तोवर उरकू," मावशी दारात येऊन म्हणाली.

"मावशी, पुन्हा आलेच नाहीत तर?"

"हळू बोल, आई ऐकतेय तुझी." मावशीनं आवाज उतरवला. "बाजारात काय बोलतात, ठाऊक आहे? लेकीनं आधीच भादरलं, मरण मागनं आलं. आता रीत मोडलीस, तर ते आणखी कुणाला तरी घेऊन जाईल म्हणतात."

मरण आपणच घरात आणलं, ही शंका डुफीलाही पोखरत होतीच.

"भादर," ती म्हणाली. "पण आधी फ्रेमाला बोलव. आईला बघायचं होतं."

फ्रेमानं खोटे केस जोडले नाहीत, काही आवळलं नाही. पलंगाशेजारी बसून उंदराच्या शेपटीएवढ्या सैल वेण्या घातल्या. डुफी आईच्या तोंडावर वाकली.

"बघ गं आई. आले की नाही?"

मग तिनं मावशीपुढे मान खाली घातली.

उतरवलेल्या वेण्या डुफीनं लोण्याच्या वाडग्यात ठेवल्या. लोण्यात आईच्या बोटांच्या खुणा तशाच होत्या. वाडगा तिनं आईच्या हाताशी सरकवला.

बाजारात परतली त्या दिवशी एका गिऱ्हाइकानं डोक्याकडे बघून विचारलंच, "कोण गेलं गं तुझ्या घरी?"

"आई," डुफी म्हणाली, आणि कंदावरची माती पुसू लागली. मधेच तिचा हात टाळूवर गेला. हाताला अजून लवही लागत नव्हती.